गरम जेवणाचं कलम

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी अकरा. रक्कम दोघांची मिळून चार लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये, पैकी एक लाख त्याच दिवशी आगाऊ, चेकने. जागा लातूरमधल्या एका मंगल कार्यालयाचं वरचं सभागृह. हजर: सहल नेणारे गृहस्थ, त्यांचा आचारी, लातूरचे चौदा प्रवासी आणि नांदेडचे आठ. नांदेडच्या आठांत मी आणि माझी बायको.

हे सगळं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. नोकरीची एकतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत गेली, त्यामुळे लिहिल्याशिवाय मला गोष्ट झाल्यासारखी वाटत नाही. त्या रविवारी मी आणखी एक गोष्ट लिहिली आणि तिच्यावर बाकीच्यांच्या सह्या घेतल्या. तिच्यामुळे पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

सहलवाले लातूरचेच. काशी, केरळ, चारधाम अशा सहली ते वर्षानुवर्षं नेतात. सोबत आपला आचारी, आपलं पीठ, आपला काळा मसाला. यंदा त्यांनी पहिल्यांदाच दक्षिण स्पेनचा किनारा काढला होता. बायकोच्या फोनवर पत्रक आलं, आणि त्यात तिला एक गाव दिसलं: तारिफा.

ती अर्धापूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. रोज नांदेडहून एसटीने जाणं-येणं. मे अखेरीला निवृत्त होणार होती. अठ्ठावीस वर्षं दरसाल तिने फळ्यावर युरोपचा नकाशा काढला. खाली स्पेनचं टोक, त्याच्या खाली आफ्रिकेचं नाक, मधे बोटभर जागा. ती म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. आणि दरसाल कुठलं तरी पोरगं विचारायचं, "मॅडम, इकडून तिकडचं दिसतं का हो?" ती सांगायची, "स्वच्छ दिवस असला की दिसतं."

पत्रक आलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "मी न बघता सांगत आले. एकदा बघते, मग निवृत्त होते."

तिचं म्हणणं मला पटलं. तपासल्याशिवाय मीही कधी सही केलेली नाही. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले.

आता कलमाचं. चार वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच सहलवाल्याबरोबर आम्ही केरळला गेलो होतो. जेवण समाविष्ट म्हणाले आणि चार दिवस सकाळच्या पुऱ्या संध्याकाळी घातल्या. तो राग माझ्या डोक्यात होता. म्हणून लातूरच्या सभेत मी उठलो आणि म्हणालो, "तोंडी नको. कागदावर घ्या." नऊ कलमं झाली. चौथं माझं, माझ्याच शब्दांत: दोन्ही वेळ गरम मराठी जेवण, दुपारी दोनच्या आत, रात्री सव्वाआठच्या आत, त्यात कुठल्याही कारणाने बदल होणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लातूरचे एक कंत्राटदार उठून माझ्याजवळ आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, काम लई पक्कं केलं तुम्ही." मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. बायको शेजारी बसून पत्रक वाचत होती. तिने बोट ठेवून दाखवलं: तारिफा, आणि पुढे कंसात, वेळ मिळाल्यास.

"हे कंसातलं काय आहे?" तिने विचारलं.

"ते असंच लिहितात," मी म्हणालो. नऊ कलमं तपासणाऱ्या माणसाने कंस तसाच सोडला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हैदराबादहून निघालो. मलागाला उतरलो आणि शेजारच्या तोरेमोलिनोस नावाच्या गावात मुक्कामाला गेलो. तिथे कळलं की सगळ्या रात्री मुक्काम इथेच. पत्रकावर पाहून मला वाटलं होतं, रोज नवं गाव, नवा मुक्काम. पण हॉटेलात आपल्याला चूल मांडू देत नाहीत, आणि स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरं या एकाच इमारतीत मिळाली होती. म्हणजे रोज सकाळी बसने निघायचं, कुठलंही गाव असो, आणि सव्वाआठच्या आत ताटावर परत यायचं.

आचारी मुरुडचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामाची पहिल्याच संध्याकाळी तिथल्या शेगडीशी गाठ पडली. वर सपाट काच, जाळ नाही. त्याच्या खोलगट तव्याचं बूड काचेवर रुपयाएवढंच टेकायचं. भाकरी मधे करपायची आणि कडेला कच्ची राहायची. दुसऱ्या दिवशी सपाट तवा विकत आणला, पण भाकरी काही फुगली नाही. "जाळ दिसंना तर भाकरीला कळावं कसं," असं मामा म्हणायचा. एका भाकरीला दुप्पट वेळ, माणसं बावीस. म्हणून मामाला चारलाच सुरुवात करावी लागे, म्हणून तो दुपारी आमच्याबरोबर येऊ शकत नसे, म्हणून दुपारचं जेवण पहाटे करून मोठ्या गरम डब्यांत भरून बसमध्ये चढवलं जाई. डबे किती वेळ गरम राहतात ते मी स्वतः पाहिलं: दीड वाजेपर्यंत. दीडला जिथे असू तिथे पंगत.

पहिल्या दिवशी मलागा. बंदराच्या मागे मोठी बाग आहे, वर टेकडीवर किल्ला आहे. आम्ही जेवलो वाहनतळाच्या तळघरात, कारण वर पंगत मांडू देईनात. वरण-भात, वांग्याची भाजी. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. जेवून, डबे आवरून वर आलो तोवर तीन वाजले आणि किल्ल्यासाठी पन्नास मिनिटं उरली. कंत्राटदारांनी खालूनच फोटो काढला. "वर काय, दगडंच असतील," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नेर्हा. समुद्रात पुढे आलेल्या कड्यावर तिथे एक चौक आहे, त्याला युरोपचा सज्जा म्हणतात. तिथे आम्ही पस्तीस मिनिटं होतो. बायको कठड्याशी उभी राहून दक्षिणेकडे बघत होती. मी विचारलं, "इथून दिसते का आफ्रिका?" ती म्हणाली, "इथे कशी दिसेल? इथे रुंदी लई आहे." वर्गात बोलावं तसं बोलली. पुढे आल्मुनेकार नावाचं गाव होतं. ते बसच्या खिडकीतून पाहिलं. पांढरी घरं, टेकडी, मागे फळबागा. पाटी वाचेपर्यंत गाव संपलं.

तिसऱ्या दिवशी आल्मेरिया, जाऊन-येऊन चारशे तीस किलोमीटर. गावात थांबलो एक तास चाळीस मिनिटं. त्यातली पंचावन्न मिनिटं ताट, वाटी, आमटी.

संध्याकाळचा प्रकार याहून वाईट. मे महिन्यात तिकडे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. आठ वाजता बाहेर लख्ख ऊन असायचं. तिथली माणसं तेव्हा कुठे घराबाहेर पडायची. आजोबा-आजी कपडे करून, केस विंचरून समुद्राकडे निघालेले दिसायचे. आणि आम्ही बावीस जण पडदे ओढून, दिवे लावून पिठलं-भाकरी खात बसलेलो. जेवण गरम होतं. कलमात कुठे खोट नव्हती.

चौथा दिवस कादिझचा. येताना समुद्राकाठच्या रस्त्याने तारिफा, वेळ मिळाल्यास. त्या सकाळी बायकोने माझी जुनी दुर्बीण पिशवीत टाकली. कादिझ हे तिन्ही बाजूंनी पाण्यात गेलेलं शहर. तिथे आम्ही दोन तास दहा मिनिटं होतो, ती दुर्बीण बाहेर न काढता. जेवण बंदराजवळच्या वाहनतळावर. चालकाला त्यांच्या नियमाप्रमाणे पाऊण तास विश्रांती लागते. तो आमच्या जेवणाच्या वेळी घेत नसे, डबे हलवायला मदत करायचा आणि मग स्वतः कॅफेत जायचा. निघायला सव्वाचार झाले.

बस सुटली तसे सहलवाले माइकवर बोलले, "तारिफामार्गे गेलो तर मुक्कामी पोचायला सव्वानऊ. आतल्या हमरस्त्याने गेलो तर सात. काय करायचं?"

मी उठलो. म्हणालो, "आजच्या दिवस जेवण उशिरा चालेल. कलमाला अपवाद करू."

कंत्राटदार माझ्या मागेच बसले होते. त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. मी त्या सभेत वाटलेली झेरॉक्स. "साहेब, वाचून दाखवू का? कुठल्याही कारणाने बदल होणार न्हाई. तुमचेच शब्द हायेत."

"माझेच आहेत. म्हणूनच मी म्हणतोय."

"तसं नसतंय. आणि आमच्या हिला साखर हाय. आठला सुई, सव्वाआठला ताट. तुमचा कागद बघूनच डॉक्टरनं जा म्हणलं."

त्यांच्या बायकोने खिडकीकडे तोंड केलं. तिला अवघड वाटत होतं.  सहलवाल्यांनी हात वर करायला सांगितलं. आतल्या रस्त्याच्या बाजूने अठरा हात. दोघांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. तारिफासाठी दोन, ते आमचे.

"तुम्हीच लिहून घेतलं, साहेब," सहलवाले माइक बंद करून जवळ येऊन हळू म्हणाले, "आता तुम्हीच मोडायलात. मी कुणाकुणाचं ऐकावं?"

बस आत वळली. दोन्ही बाजूंना टेकड्या, बुचाची झाडं, गुरं. समुद्र नाही. पावणेतीन तासांत बायको एकदाच बोलली. "देवणीच्या बैलासारखा वाटतो ना तो?" एका बैलाकडे बघून म्हणाली. मी बैल पाहिला. नव्हता तसा. मी हो म्हणालो.

त्या रात्री मी जेवलो नाही. कलम चारप्रमाणे माझं ताट वाढलं गेलं होतं, आणि मामाने दोनदा विचारलं. बायको मात्र शांतपणे जेवली. मग म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण पुन्हा काही लिहिताना मला वाचून दाखवत जा."

पाचव्या दिवशी मार्बेया झालं, त्याबद्दल वहीत एकच ओळ आहे. सहावा दिवस खरेदीसाठी मोकळा. सातव्या सकाळी विमान. मी सहलवाल्यांना सांगितलं, उद्या आम्ही दोघं आमचे जातो. त्यांनी लेखी मागितलं. मी लिहून दिलं: स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, परतीची व्यवस्था आमची आम्ही करू, उद्याच्या दोन्ही जेवणांवर आमचा हक्क नाही. साक्षीदार म्हणून कंत्राटदारांनी सही केली, आणि सही करताना म्हणाले, "वहिनींना दाखवून आणा. मला काय हौस न्हाई आडवं यायची." खरं तर त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागत होतं.

निघताना मामाने चांदीच्या कागदात धपाटे बांधून दिले. वर ठेचा. "गरम न्हाईत," म्हणाला, "पण ते तुम्ही कुठल्या तरी कलमात बसवा."

सकाळच्या लोकलने मलागा, तिथून बसने अल्जेसिरास, तिथे बस बदलून तारिफा. एक वाजून दहा मिनिटांनी उतरलो. उतरताच वारा अंगावर आला. बायकोने ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली. गावाच्या पुढे दगडी बांध समुद्रात जातो, त्याच्या टोकाला एक छोटं बेट. बांधाच्या उजव्या हाताला अटलांटिक, डाव्या हाताला भूमध्य. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे पाणी बरंच शांत होतं. बायको मधोमध उभी राहिली आणि दोन्हीकडे बघितलं. मग समोर बघितलं.

समोर काही नव्हतं. पाण्यावर पांढरट धुकं होतं, चुना कालवलेल्या पाण्यासारखं. पलीकडे आफ्रिकेतल्या टँजियरला जाणारी बोट बंदरातून निघाली आणि पंधरा मिनिटांत त्यात नाहीशी झाली.

"किती अंतर आहे?" मी विचारलं.

"चौदा किलोमीटर."

"म्हणजे अर्धापूरपेक्षा जवळ."

"हो," ती म्हणाली. "आणि अर्धापूर मला डोळे मिटूनही दिसतं."

बोटीच्या तिकीट खिडकीवर मी फोनमधून भाषांतर करून विचारलं, आफ्रिका कधी दिसेल. आतल्या माणसाने बाहेर वाकून आभाळ बघितलं आणि लिहिलं: पूर्वेचा वारा आहे, उद्या कदाचित. उद्या सकाळी नऊला आमचं विमान होतं. मी त्याला ते सांगितलं नाही. चार दिवसांपूर्वी, कादिझहून परतलो त्या दिवशी हवा कशी होती, तेवढं विचारलं. त्याने अंगठा वर केला. मुद्दाम विचारायला नको होतं.

चार नव्हे, दोनच दिवस झाले होते. नंतर वही बघितल्यावर कळलं. आयुष्यात दिवस मोजण्यात चुकलो नाही, तिथे चुकलो.

आम्ही बांधाच्या भिंतीच्या आडोशाला बसलो. धपाटे खाल्ले, वाळूसकट. तीन वाजले, चार वाजले. बायको दर थोड्या वेळाने उठायची, दुर्बीण लावायची, बसायची. मी विचारायचो, "दिसतं का?" ती म्हणायची, "धुकं मोठं दिसतं." पाच वाजता मी विचारणं बंद केलं. नंतर तिने वर्गातल्या मुलांच्या गोष्टी काढल्या. एका केळीवाल्याच्या मुलाने पलीकडचं दिसतं ऐकून विचारलं होतं, मग तिकडच्यांना आपण दिसतो का. तिला उत्तर सुचलं नव्हतं. "आज सांगता आलं असतं," म्हणाली.

परतीची शेवटची बस साडेसातची होती. सव्वासातला ती स्वतःच उठली, ओढणी झटकली. "चला. बस जाईल. वहीत लिहिलंय ना तुम्ही."

लिहिलं होतं, खाली रेघ मारून. मी वही पिशवीत टाकली आणि म्हणालो, "जाऊ दे बसला."

"मग परत कसं जायचं?"

"बघू."

हा शब्द माझा नाही. तिने माझ्याकडे दुर्बिणीतून बघावं तसं बघितलं आणि परत बसली. मला काही भरवसा वाटत होता असं नाही. मला फक्त आणखी एकदा घड्याळ बघून उठायचं नव्हतं.

आठला वारा पडला. आठ वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे तोरेमोलिनोसमध्ये भाकऱ्या टोपलीत पडत असतील त्या वेळी, धुक्याच्या वर एक काळपट रेघ दिसली. मला आधी ढग वाटला. मग रेघेला खांदा आला. मग खालचं धुकं फाटलं आणि एक अख्खा डोंगर उभा राहिला, मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट उंच, आणि इतका जवळ की नदीपल्याड असावा. पायथ्याशी पांढरे ठिपके होते. दुर्बिणीतून ती घरं झाली.

 मी फोटो काढले, चार. चारही फोटोंत नुसतं पाणी आलं आहे.

बायको दुर्बीण डोळ्यांना लावूनच म्हणाली, "हिरवा आहे."

"काय?"

"डोंगर. हिरवा आहे खालून. मी तिथे ठिपके काढत होते हो, वाळवंटाचे. अठ्ठावीस वर्षं. आफ्रिका म्हटलं की वाळू, असं हातच काढायचा." तिने दुर्बीण माझ्या हातात दिली. "पुस्तकात बरोबर आहे, डोंगर दाखवलाय. माझ्या फळ्यावर चूक. आता कुणाकुणाला सांगू?"

मी हिशोब केला. वर्गात सरासरी पन्नास धरले तर चौदाशे मुलं. आकडा तिला सांगितला नाही. बहुतेक तिनेही केला असावा, कारण ती परत डोंगराकडे बघत बसली आणि चिडलेली दिसत होती. साडेआठच्या आतच धुकं पुन्हा खालून भरत आलं. एकोणीस मिनिटं दिसलं.

गावात टॅक्सीच्या थांब्यावर एकच गाडी होती. चालवणारी पन्नाशीची बाई. तोरेमोलिनोस म्हटल्यावर तिने फोनवर आकडा लिहून दाखवला. मी नेहमीप्रमाणे कमी लिहिला. तिने मान हलवली आणि गावाबाहेर गेलेल्या बसच्या दिशेला हात केला. मला समजलं. तिचाच आकडा मान्य केला आणि दीडशे किलोमीटरांच्या वाटेला लागलो. एका वळणावर तिने आपणहून गाडी हळू केली आणि उजवीकडे बोट दाखवलं. तिथे पुन्हा धुकंच होतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी सहलवाल्यांना न घेतलेल्या दोन जेवणांचं काय, असं विचारलं. त्यांनी माझा कागद दाखवला. त्यात सगळं स्पष्ट होतं.

शेवटी दिलेली रक्कम: दोनशे वीस युरो, तारिफाच्या टॅक्सीवाल्या बाईला, रोख, खरेदीसाठी ठेवलेल्या पाकिटातून. पावती मिळाली.